एस्टोनियाच्या व्हरो बोलीतील स्वरसंगती आणि तालव्यीकरण: प्रक्रिया एक की दोन?

पैलतीर (प्रश्न)

फिनिश भाषेनंतर मी आता आग्नेय एस्टोनियातील व्हरो बोलीच्या अभ्यासाकडे वळलो आहे. या बोलीच्या दोन वैशिष्ट्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. उदाहरणे देवनागरीत लिहिताना मी पुढील संकेत पाळले आहेत. ज्या उकाराखाली आडवी रेघ आहे, तो जीभ इकाराच्या जागी ठेवून ओठ गोल करून उच्चारायचा. अवग्रहाने (ऽ) दाखवलेला स्वर आपल्या अकाराच्या जवळचा आहे, मात्र त्याच्या उच्चारात जीभ थोडी अधिक मागे आणि वर असते. व्यंजनानंतरचे ’ हे चिन्ह तालव्यीकरणाचे आहे. स्वरांचा ऱ्हस्वदीर्घ भेद मी सर्वत्र काटेकोरपणे दाखवलेला नाही. विशेषतः आकार बहुतेक ठिकाणी ऱ्हस्व समजावा.

पहिले वैशिष्ट्य स्वरसंगतीचे. गावाला प्रमाण एस्टोनियनमध्ये कु॒ला म्हणतात, तर व्हरोमध्ये फिनिशप्रमाणेच कु॒लॅ म्हणतात. आईसाठी प्रमाण शब्द एमा आहे आणि व्हरो शब्द इमॅ आहे. वडिलांसाठी अनुक्रमे इसा आणि एसॅ. पहिल्या अक्षरात अग्र स्वर आला, म्हणजे जीभ पुढे ठेवून उच्चारलेला स्वर आला, की पुढच्या अक्षरांतले स्वरही अग्रच राहतात. खाणे या अर्थाचे सू॒मॅ आणि पिणे या अर्थाचे यूमा ही रूपे शेजारी ठेवली, तर एकच प्रत्यय एकदा मॅ आणि एकदा मा असा येतो, हे लगेच दिसते.

दुसरे वैशिष्ट्य तालव्यीकरणाचे. व्यंजन उच्चारताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि व्यंजनाला इकाराची किंवा यकाराची छटा येते, उदाहरणार्थ मांजर या अर्थाचा कास्स्’ हा शब्द. आता इकार हाही अग्र स्वरच आहे. मग दोन्ही ठिकाणी अग्रत्व हा एकच गुण शब्दभर पसरतो, स्वरांवर पसरला की त्याला स्वरसंगती म्हणायचे आणि व्यंजनांवर पसरला की तालव्यीकरण, असे मानता येईल का? की व्हरोतील तालव्यीकरण शेजारच्या रशियन भाषेच्या संपर्कातून आले आहे आणि त्याचा स्वरसंगतीशी काहीच संबंध नाही?

---

ध्वनिशोध

अग्रत्वाचा प्रसार हे दोन्ही प्रक्रियांचे समान वर्णन आकर्षक आहे, परंतु व्हरोतील शब्दरूपे ते टिकू देत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही प्रक्रियांची दिशा वेगळी आहे, उगम वेगळा आहे, आणि एकीचा दुसरीला अडथळाही होत नाही.

यासाठी सर्वांत चांगला पुरावा एक आणि दोन या संख्यावाचक शब्दांत मिळतो. व्हरोमध्ये एकला उ॒त्’स् आणि दोनला कात्’स् म्हणतात. दोन्ही शब्दांत तकार तालव्य झाला आहे. फिनिशमधील उ॒क्सि आणि काक्सि ही रूपे शेजारी ठेवली की त्याचे कारण कळते: शब्दाच्या अखेरीस एके काळी इकार होता, त्याने आपल्या आधीच्या व्यंजनांना तालव्य छटा दिली आणि नंतर तो स्वतः गळून पडला. येथे पहिल्या शब्दात अग्र स्वर आहे आणि दुसऱ्यात पश्च, म्हणजे जीभ मागे ठेवून उच्चारलेला, तरी तालव्यीकरण दोन्हीकडे सारखेच झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पहिल्या अक्षरातील स्वर कोणत्या गटाचा आहे, याची तालव्यीकरणाने दखलच घेतली नाही.

आता याच शब्दांची षष्ठीची रूपे पाहा. एकचे रूप उ॒ते होते आणि दोनचे कातऽ. तालव्यीकरण दोन्ही रूपांतून नाहीसे झाले आहे, कारण षष्ठीत तकारानंतर इकार कधी नव्हताच. फिनिशमध्येही येथे उ॒हदेन आणि काहदेन अशी एकाराची रूपे आहेत. पण तालव्यीकरण जाताच स्वरसंगती समोर आली. पहिल्या रूपाच्या अखेरीस अग्र एकार आहे, तर दुसऱ्याच्या अखेरीस त्याचा पश्च जोडीदार, म्हणजे अवग्रहाने दाखवलेला स्वर आहे. हा फरक केवळ पहिल्या अक्षरामुळे पडला आहे.

म्हणजे स्वरसंगती पहिल्या अक्षरापासून शब्दाच्या शेवटाकडे जाते, तर तालव्यीकरण शेवटच्या इकाराकडून मागच्या व्यंजनाकडे येते. स्वरसंगतीची आज्ञा शब्दाच्या मुळाकडून सुटते आणि प्रत्यय ती पाळतो. तालव्यीकरणात उलट प्रत्ययातील किंवा अखेरच्या अक्षरातील स्वर मुळातील व्यंजन बदलून टाकतो. दोघींच्या वयातही मोठे अंतर आहे. स्वरसंगती आद्य फिन्निक भाषेतून, म्हणजे फिनिश आणि एस्टोनियन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतून आलेली आहे आणि तिची मुळे त्याहूनही मागे जातात. तालव्य व्यंजनांना शब्दाचा अर्थ बदलण्याचे सामर्थ्य मात्र अखेरचे स्वर लुप्त झाल्यानंतर मिळाले, कारण इकार जागेवर होता तोवर तालव्य छटा ही त्याची सावली होती आणि तो गेल्यावर तीच एकटी खूण म्हणून उरली.

मराठी वाचकाला याची पूर्वार्धापर्यंतची बाजू परिचित आहे. माझा या शब्दातील झ दंततालव्य आहे आणि माझी या शब्दातील झ ईकारामुळे शुद्ध तालव्य होतो. आपल्याकडे ईकार जागेवरच राहिल्यामुळे हा उच्चारभेद आपोआप होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माझी या शब्दातील ईकार उद्या गळून पडला आणि झ तसाच तालव्य राहिला, तर व्हरोसारखी स्थिती निर्माण होईल.

---

सीमान्त

ध्वनिशोध यांच्या मांडणीशी मी सहमत आहे. रशियन संपर्काच्या मुद्द्याचे उत्तर राहिले आहे, ते मी देते.

व्हरोच्या जवळची बोली बोलणाऱ्या आणि रशियातील पस्कोव्ह शहराच्या दिशेने राहणाऱ्या सेतो लोकांचा रशियन भाषकांशी दीर्घकाळ निकटचा संबंध होता आणि आजही सेतो भूमीचा काही भाग पेचोरीच्या परिसरात, रशियाच्या हद्दीत आहे. त्यामुळे संपर्काने तालव्यीकरणाला बळ मिळाले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. परंतु उगमच रशियन आहे असे म्हणायला आधार नाही, कारण ज्या भागांत रशियन संपर्क तसा निकट नव्हता, तेथील एस्टोनियनमध्येही हीच प्रक्रिया झालेली आहे आणि तिचे कारणही तेच, म्हणजे लुप्त झालेला इकार. प्रमाण एस्टोनियनमध्ये पाल्क् हा शब्द वेतन या अर्थी साध्या लकाराने उच्चारतात आणि त्याची षष्ठी पाल्गा होते. ओंडका या अर्थी तोच शब्द तालव्य लकाराने उच्चारतात आणि त्याची षष्ठी पाल्गि होते. हाल्ल् या शब्दाचेही तसेच आहे: साध्या लकाराने दहिवर, षष्ठी हाल्ला, तालव्य लकाराने करडा रंग, षष्ठी हाल्लि. षष्ठीत इकार टिकला आहे आणि प्रथमेत त्याची केवळ खूण आहे. प्रमाण लेखनात या भेदासाठी चिन्ह नसल्यामुळे परभाषकाला तो दिसत नाही. शब्दकोश मात्र तो दाखवतात.

रशियनशी तुलना करताना उच्चाराच्या तपशिलातही फरक सापडतो. रशियनमध्ये तालव्य व्यंजन सुटताना यकाराची छटा स्पष्ट ऐकू येते. एस्टोनियनमध्ये ती छटा मुख्यतः व्यंजनाच्या आधी येते, त्यामुळे ओंडका या अर्थाचा शब्द परक्या कानाला जवळजवळ पाइल्क् असा वाटतो.

प्रमाण भाषा आणि व्हरो यांच्यात या बाबतीत व्याप्तीचा फरक आहे. प्रमाण भाषेत त, द, स, न आणि ल या दंत्य गटातीलच व्यंजने तालव्य होतात. व्हरोमध्ये यकार आणि स्वरयंत्रातील स्पर्श (घशात श्वास क्षणभर अडवून होणारा ध्वनी) हे दोन ध्वनी सोडले, तर कोणतेही व्यंजन तालव्य होऊ शकते. पाद्री या अर्थाच्या पाप्प्’ या शब्दात ओष्ठ्य पकारही तालव्य आहे. शिवाय येथे तालव्यीकरणाचा आणखी एक स्रोत आहे: लुप्त यकार. बोर, म्हणजे रानातले छोटे रसाळ फळ, या अर्थाचा मारि हा शब्द षष्ठीत प्रमाण भाषेत मार्या होतो, तर व्हरोत मार्’आ. येथे यकार रकारात विरघळून गेला आणि त्याच्या पुढे पश्च आकार उघडपणे उभा आहे. अग्रत्व शब्दभर पसरते असे मानले, तर या शब्दाचा शेवट स्पष्ट करता येत नाही.

स्वरसंगती केवळ दक्षिणेकडेच उरली आहे असेही नाही. पश्चिमेला किहनु बेटावरील बोलीतही ती आढळते, आणि ते बेट व्हरो प्रदेशापासून दूर आहे. यावरून स्वरसंगती ही जुनी सामाईक ठेव होती आणि मधल्या प्रदेशात ती गमावली गेली, हा निष्कर्ष बळकट होतो. प्रमाण एस्टोनियनच्या मूळ शब्दांत पहिल्या अक्षरात नऊ स्वर येऊ शकतात, पण नंतरच्या अक्षरांत सामान्यतः आ, ए, इ आणि उ हे चारच उरले आहेत. अग्र आणि पश्च अशा जोड्याच शिल्लक नसल्यावर संगती तरी कशाची होणार? लाटव्हियातील लिव्होनियन या फिन्निक भाषेतही स्वरसंगती नाही आणि तालव्य व्यंजने आहेत. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, याचा हा शेजारच्याच भाषेतील पुरावा आहे.

---

पैलतीर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. एक आणि दोन यांच्या रूपांनी मुख्य शंका दूर झाली. आता प्रश्न उरतो तो इकाराचा. फिनिशमध्ये इकार आणि एकार हे दोन्ही तटस्थ स्वर आहेत, म्हणजे ते अग्र स्वरांसोबतही येतात आणि पश्च स्वरांसोबतही. व्हरोमध्ये एकाराला पश्च जोडीदार असेल, तर तटस्थ फक्त इकारच राहतो, हे मी बरोबर समजलो आहे का? आणि तसे असेल, तर पहिल्याच अक्षरात इकार असलेल्या शब्दाची संगती कोण ठरवतो?

---

ध्वनिशोध

आपण बरोबर समजला आहात, आणि या विषयातील सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो.

प्रमाण एस्टोनियनमध्ये डोळ्याला सिल्म् आणि हवामानाला इल्म् म्हणतात. षष्ठीत त्यांची रूपे सिल्मा आणि इल्मा होतात, म्हणजे दोन्ही शब्द एकाच साच्यातले दिसतात. व्हरोमध्ये मात्र डोळ्याची षष्ठी सिल्मॅ आहे आणि हवामानाची इल्मा. फिनिशमध्येही सिल्मॅ आणि इल्मा असाच भेद आहे. पहिल्या अक्षरात दोन्हीकडे इकार असल्यामुळे उच्चारावरून हा भेद ओळखता येत नाही. तो शब्दाच्या प्रकृतीतच साठवलेला असतो आणि बोलणाऱ्याला तो शब्दासोबत पाठ असावा लागतो. प्रमाण भाषेने दोन्ही स्वर आकारात मिळवून टाकले तेव्हा ही माहिती कायमची हरवली. केवळ प्रमाण रूपे हाताशी असती, तर ती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नव्हता. बोलीभाषांच्या नोंदी किती मोलाच्या असतात, ते अशा वेळी कळते.

शब्दात केवळ इकारच असतील, तर प्रत्यय अग्र गटातला लागतो. कुत्र्याला पिनि म्हणतात. कुत्र्याला किंवा कुत्र्याकडे या अर्थाचे रूप पिनिले असे होते. आता आपल्या मूळ प्रश्नातले मांजर परत घेऊ. कास्स्’ या शब्दात सकार तालव्य आहे, आणि प्रत्यय लागताना लपलेला इकारही परत येतो. तरीही मांजराला या अर्थाचे रूप कासिलऽ असे होते, कासिले असे होत नाही. अग्रत्वाची छटा असलेले व्यंजन आणि त्यानंतर प्रत्यक्ष इकार, हे दोन्ही मध्ये उभे असताना पहिल्या अक्षरातील पश्च आकार त्यांना ओलांडून प्रत्ययापर्यंत पोहोचतो. इकार तालव्यीकरण घडवतो आणि स्वरसंगतीत मात्र पूर्णपणे पारदर्शक राहतो. दोन्ही प्रक्रिया एकच असत्या, तर एकच स्वर एकीचा कर्ता आणि दुसरीत निष्क्रिय असा राहू शकला नसता.

फिनिश जाणणाऱ्याने येथे एका गोष्टीची काळजी घ्यावी. फिनिशवरून व्हरोचा गट नेहमी ओळखता येत नाही. जंगलाला फिनिशमध्ये मेत्सॅ म्हणतात आणि तो अग्र गटातला शब्द आहे. व्हरोमध्ये तोच शब्द मऽत्स् असा, षष्ठीत मऽत्सा असा, पश्च गटात गेला आहे.

संगतीला मर्यादाही आहेत. पहिल्या अक्षरानंतर येणारा ओकार तिच्यात भाग घेत नाही, म्हणून जीवन या अर्थी एलो आणि चेहरा या अर्थी नॅगो अशी मिश्र दिसणारी रूपे नियमित आहेत. सह या अर्थाचा गा हा प्रत्ययही बदलत नाही: माणसांसह याला इनेमीसिगा म्हणतात, जरी मूळ शब्द अग्र गटातला आहे. हा प्रत्यय एका स्वतंत्र शब्दापासून तुलनेने अलीकडे तयार झाला असल्यामुळे तो अजून पुरता मुळात मिसळलेला नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते.

---

अक्षरयात्री

चर्चा नामांपुरती राहिली आहे. तालव्यीकरणाचे खरे व्याकरणिक वजन क्रियापदांत जाणवते. देणे या क्रियापदाचे तृतीय पुरुष एकवचनी वर्तमानकाळी रूप व्हरोमध्ये आन्द् असे आहे, आणि भूतकाळी रूप आन्द्’ असे. तो देतो आणि त्याने दिले यांतील सगळा फरक अखेरच्या व्यंजनाच्या तालव्य छटेवर उभा आहे. प्रमाण भाषेत याच ठिकाणी आन्नाब् आणि आन्दिस् अशी पूर्ण वेगळी रूपे आहेत. होता आणि आला या अर्थांची ओल्ल्’ आणि तुल्ल्’ ही रूपेही तशीच आहेत. प्रमाण भाषेत ती ओलि आणि तुलि अशी इकारासह टिकून आहेत. भूतकाळाचा प्रत्यय म्हणून जो इकार होता, त्याचे काम आता व्यंजनाची एक छटा एकटीने करते. त्यामुळे व्हरोच्या लेखनात हे चिन्ह गाळणे म्हणजे काळच गाळणे होय, असे मी म्हणेन.

लेखनाचा विषय निघाला म्हणून थोडे पुढे जातो. दक्षिण एस्टोनियनची लेखनपरंपरा जुनी आहे. योहान गुत्स्लाफ यांचे तार्तू परिसरातील भाषेचे व्याकरण १६४८ साली प्रसिद्ध झाले आणि नव्या कराराचे दक्षिण एस्टोनियन भाषांतर १६८६ साली छापले गेले; उत्तर एस्टोनियनमधील नवा करार त्यानंतर, १७१५ साली आला. व्हरो बोलीवर फेर्डिनांड योहान वीडेमान यांनी १८६४ मध्ये स्वतंत्र जर्मन ग्रंथ लिहिला. परंतु पुढे उत्तरेकडील भाषा प्रमाण ठरली, आणि तिच्या वर्णमालेत व्हरोच्या गरजांची सोय नव्हती. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या व्हरो संस्थेच्या काळात जे लेखन रूढ होत गेले, त्यात तालव्यीकरणासाठी व्यंजनावर किंवा त्याच्या शेजारी तिरकी रेघ देतात आणि स्वरयंत्रातील स्पर्शासाठी रोमन वर्णमालेतील एक वेगळे अक्षर वापरतात. तो स्पर्शही अर्थाच्या दृष्टीने आवश्यक आहे. मासा या अर्थाच्या काला या शब्दाच्या शेवटी श्वास क्षणभर अडवला की मासे असा अर्थ होतो. प्रमाण भाषेत तेथे दकार आणि फिनिशमध्ये तकार आहे.

२०११ च्या जनगणनेत सेतो भाषकांसह ८७ हजारांहून अधिक लोकांनी आपल्याला ही बोली येत असल्याचे सांगितले होते. मात्र त्यांचे शालेय शिक्षण प्रमाण भाषेत झालेले असते, आणि प्रमाण भाषेचा दाब दोन्ही प्रक्रियांवर सारखा पडत नाही, असे मला वाटते. तालव्यीकरण प्रमाण भाषेतही असल्यामुळे बोलणाऱ्याच्या कानाला आणि जिभेला त्याची सवय असते. स्वरसंगतीला तसा आधार नाही. सिल्मॅ आणि इल्मा यांतील भेद प्रमाण भाषा कोठेच शिकवत नसल्यामुळे तो केवळ घरातल्या बोलण्यातूनच पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो.

पैलतीर यांना प्रत्यक्ष भाषा ऐकायची असेल, तर त्यांनी तालव्य व्यंजन त्या व्यंजनातच शोधू नये, त्याच्या आधीच्या स्वराचा शेवट ऐकावा. आन्द्’ या रूपात आकार संपता संपता इकाराकडे झुकतो. ते झुकणे ओळखता येऊ लागले की मग वाचनासाठी उमा लेह्त् हे व्हरो भाषेतील वृत्तपत्र घ्यावे आणि त्यातील प्रत्येक ले आणि लऽ प्रत्ययाखाली रेघ ओढत जावे. बातमीच्या एका स्तंभातही दोन्ही रूपे वारंवार भेटतील.